सवाई माधवरावांच्या मागें

पुण्याच्या शनिवारवाड्यांत आतां पाहण्यासारखें फारसें उरलेलें नाहीं. १८२८ च्या फेब्रुवारी महिन्यांत लागलेल्या आगींत आंतील इमारती जळून गेल्या. तट, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि दगडी चौथरे तेवढे राहिले. तरी वाडा पाहावयास येणारा मनुष्य दोन प्रश्न हटकून विचारतो. नारायणराव पेशवे कोठें मारले गेले, हा एक; आणि सवाई माधवराव कोठून पडले, हा दुसरा. दुसऱ्याच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न येतो. ते पडले, कीं त्यांनीं आपण होऊन देह टाकला? सव्वादोनशेंहून अधिक वर्षें हा प्रश्न विचारला जात आहे. परंतु ते गेल्यावर मागें कोण राहिलें आणि राहिलेल्यांचें पुढें काय झालें, हें क्वचितच कोणी विचारतो. प्रस्तुत भाषणाचा विषय तोच आहे.

सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदर किल्ल्यावर झाला. त्यापूर्वीं साडेसात महिने, ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, त्यांचे वडील नारायणराव यांचा वाड्यांतच खून झाला होता. म्हणजे मुलानें बापाचें तोंड पाहिलें नाहीं. चाळीस दिवसांचें वय होतें न होतें तोंच त्यांना पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. तीन वर्षांचे असतांना, १७७७ सालीं, आई गंगाबाई वारल्या. पुढें त्यांचें संगोपन, शिक्षण आणि राज्याचा कारभार हीं तिन्ही नाना फडणिसांच्या हातीं राहिलीं. १७८३ सालीं थत्ते घराण्यांतील रमाबाईंशीं त्यांचा विवाह मोठ्या थाटानें झाला. त्या निवर्तल्यावर यशोदाबाईंशीं दुसरा विवाह झाला. यशोदाबाई तेव्हां अगदीं अल्पवयी होत्या.

नानांचें प्रेम खरें होतें. पण त्या प्रेमांत पहारा फार होता. रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव व चिमाजी आप्पा हे त्या वेळीं जुन्नरास नजरकैदेंत होते. बाजीराव माधवरावांहून नऊच महिन्यांनीं लहान. दोघांत गुप्तपणें पत्रव्यवहार सुरू झाला. नानांना तें कळलें, आणि ज्याच्या मार्फत हीं पत्रें चालत त्या बळवंतराव नागनाथास त्यांनीं कैदेंत टाकलें. माधवरावांसही कठोर शब्द ऐकावे लागले. मार्च १७९५ मध्यें खर्ड्यावर निजामाचा पराभव होऊन पेशव्यांचें नांव सर्वत्र गाजत होतें. त्याच वर्षीं पेशवा मात्र स्वतःच्या वाड्यांत एकटा पडला होता.

२२ ऑक्टोबर १७९५ रोजीं दसरा झाला. त्या समारंभांत पेशवे लोकांना दिसले. तिसऱ्या दिवशीं, २५ तारखेस, ते वाड्याच्या वरच्या भागावरून खालीं पडले. दोन दिवस ते जिवंत होते. २७ ऑक्टोबरला त्यांचें देहावसान झालें. वय अवघें एकवीस वर्षें सहा महिने.

ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत, माधवरावांनीं हें कृत्य बुद्धिपूर्वक केलें असें स्पष्ट लिहिलें. त्या मताचा प्रतिवाद करणाऱ्यांचें म्हणणें असें कीं, पेशव्यांना ज्वर होता, त्यांत वात झाला होता, आणि वातांतल्या मनुष्याच्या हालचालीला हेतु चिकटविणें अन्यायाचें आहे. पुढें कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनीं याच मृत्यूवर नाटक लिहिलें, आणि तो वाद नाटकगृहांतही गेला. दोन्ही पक्षांचीं प्रमाणें तोलून पाहिलीं तरी निर्णय निःशंक होत नाहीं. परंतु हा वाद इतक्या आवेशानें कां चालला, तें ध्यानांत घेण्यासारखें आहे. वरवर पाहतां तो मृताच्या मनाविषयींचा वाद दिसतो. खरोखर तो जिवंतांच्या दोषाविषयींचा वाद होता. हेतु ठरला कीं कारण शोधावें लागतें, आणि कारण शोधूं गेलें कीं बोट नानांकडे वळतें. ज्यांना नाना नकोसे होते त्यांना एक उत्तर सोयीचें होतें. ज्यांना नानांचें नांव राखावयाचें होतें त्यांना दुसरें.

यांत केवळ पुण्याच्या राजकारणाचाच दोष नव्हता. अशा मृत्यूच्या बाबतींत शास्त्र आणि कायदा हे दोन्ही पूर्वीं कठोर होते, आणि त्या कठोरपणाचा भार मृताला नव्हे तर त्याच्या माणसांना वाहावा लागे. आत्मत्याग करणाऱ्यास उदकक्रिया करूं नये, असें मनुस्मृति सांगते. म्हणजे घरांत मनुष्य गेलेला, पण त्याच्या नांवानें पाणी सोडण्याचीही मोकळीक नाहीं. पुढील शास्त्रकारांनीं यांतून वाट काढली. मिताक्षरेनें नारायणबलीचा विधि सांगितला, आणि तो केल्यावर नित्याच्या क्रिया करण्यास मार्ग ठेवला. शिवाय जाणूनबुजून आलेलें मरण आणि प्रमादानें, म्हणजे चुकून, आलेलें मरण यांत भेद केला. प्रमादानें गेलेल्याचें सुतक पाळावें आणि उदकही द्यावें. त्यामुळें 'पाय घसरला' किंवा 'तापांत भान नव्हतें' हे शब्द केवळ लोकलज्जेचे नव्हते. आपल्या माणसाला आपलें म्हणून निरोप देतां यावा, एवढ्यासाठींही ते उच्चारले जात.

इंग्लंडांतही त्याच सुमारास निराळी स्थिति नव्हती. तेथें आत्मघात हा गुन्हा समजला जाई, आणि गुन्हेगाराची चीजवस्तु सरकारजमा होई. म्हणजे शिक्षा भोगावयाची ती विधवेनें आणि मुलांनीं. ही जप्तीची तरतूद तेथें १८७० सालीं कायमची रद्द झाली. पण अठराव्या शतकांतले पंच कायद्याहून अधिक दयाळू निघाले. मृताला त्या वेळीं शुद्धि नव्हती, असा निर्णय ते बहुधा देत, आणि घरच्यांचें घर राखीत. पुण्याचा शास्त्री आणि लंडनचा पंच यांची ओळख असण्याचें कारण नाहीं; पण ज्वराचा, भ्रमाचा आधार दोघांनींही घेतला, तो मागें राहिलेल्यांच्या कळवळ्यानें.

आतां त्या मागें राहिलेल्यांकडे वळूं. १७७२ ते १७९५ या तेवीस वर्षांत पेशव्यांच्या घरांतील तीन तरुण पुरुष गेले, आणि तीन तरुण स्त्रियांवर वैधव्य आलें. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्यें थेऊर येथें क्षयानें वारले. त्यांची पत्नी रमाबाई सती गेली, आणि लोकांनीं तिला देवी केलें. नारायणरावांचा खून झाला तेव्हां त्यांची पत्नी गंगाबाई गर्भवती होती. बारभाईंनीं तिला पुरंदरावर नेऊन जिवापलीकडे जपलें, कारण राज्याची आशा तिच्या उदरांत होती. सवाई माधवराव गेले तेव्हां यशोदाबाई सतीही गेल्या नाहींत आणि त्यांच्या पोटीं मूलही नव्हतें. पहिलीला समाजानें पूजिलें, दुसरीला राज्यानें राखलें. तिसरीला केवळ जगावयाचें होतें. जगणाऱ्या विधवेचें काय करावें, हें पुण्याच्या दरबारांत कोणाला ठाऊक नव्हतें.

मात्र तिचा एक उपयोग लवकरच सर्वांच्या ध्यानांत आला. विधवेला दत्तक घेतां येतो. ज्याला ती मांडीवर घेईल तो पेशव्यांचा पुत्र होईल, आणि जो त्या पुत्राचा कारभारी तो राज्याचा धनी होईल. रघुनाथरावांचा वंश गादीवर येऊं नये, म्हणून यशोदाबाईंना दत्तक द्यावा असा बेत नानांनीं प्रथम योजिला, आणि मोठमोठ्या सरदारांची संमतिही मिळविली. जुन्नरास बाजीरावाला ही बातमी लागली. त्यानें शिंद्यांचे कारभारी बाळोबा तात्या यांना वश केलें. तें पाहतांच नानांनीं बेत फिरविला. परशुरामभाऊ पटवर्धनांना जुन्नरास पाठवून बाजीरावालाच पुण्यास आणविलें. मग शिंद्यांच्या कारभाऱ्यांनीं उलट डाव टाकला. बाजीरावास बाजूस सारून त्याचा धाकटा भाऊ चिमाजी आप्पा यशोदाबाईंना दत्तक द्यावा, असें ठरलें. मृत्यूला सहा महिनेही झाले नव्हते, तों एका मुलीच्या वैधव्याचे असे वारंवार फेरफार झाले.

मे १७९६ मध्यें तो दत्तविधान उरकण्यांत आला. चिमाजी त्या वेळीं बारा वर्षांचा होता. भावाचा हक्क हिरावून घेण्यास त्याचें मन तयार नव्हतें, आणि त्याला बळानेंच उभें करावें लागलें, असें डफ सांगतो. नात्याचा विचार केला तर हा प्रकार आणखीच विपरीत ठरतो. चिमाजी हा रघुनाथरावांचा मुलगा, म्हणजे नारायणरावांचा चुलतभाऊ, म्हणजे माधवरावांचा चुलता. यशोदाबाईंना जो सासऱ्याच्या जागीं, तोच त्यांचा पुत्र झाला. आणि ज्या रघुनाथरावांवर नारायणरावांच्या खुनाचा ठपका होता, त्यांचाच मुलगा नारायणरावांचा नातू म्हणून पिंड देण्यास बसला. आई अल्पवयी, मुलगा बारा वर्षांचा. आणि दोघांपैकीं कोणालाही तें नातें नको होतें.

दत्तकाचा शास्त्रोक्त हेतु निराळा आहे. निपुत्रिकाला पाणी देणारा कोणी असावा, त्याचें नांव घेणारा कोणी असावा, आणि विधवेला म्हातारपणीं आधार असावा, यासाठीं दत्तक. येथें पाण्याची आठवण कोणाला होती? नाना लवकरच घाबरून साताऱ्याकडे व तेथून महाडास निघून गेले. तेथून त्यांनीं सूत्रें हलविलीं. निजामाशीं संधान बांधलें. त्यासाठीं खर्ड्याला मिळविलेलें बरेंचसें सोडून देण्याचें कबूल केलें. डिसेंबर १७९६ मध्यें बाजीराव पेशवा झाला आणि नाना पुन्हां कारभारी झाले. दत्तविधान बेकायदेशीर ठरून रद्द झालें. चिमाजीला प्रायश्चित्त घ्यावें लागलें, आणि ज्या शास्त्र्यानें तो विधि सांगितला त्याला घालवून देण्यांत आलें. मुलाच्या प्रायश्चित्ताची हकीकत नमूद आहे. पण ज्या स्त्रीची मांडी सात महिन्यांत भरली आणि रिकामी झाली, तिला कोणीं काय सांगितलें, तें इतिहासकार लिहीत नाहींत.

नानांच्या दुःखाविषयीं बोलल्यावांचून हें प्रकरण पुरें होणार नाहीं. माधवराव गेले तेव्हां नाना त्रेपन्न वर्षांचे होते. पानिपताच्या धामधुमींत त्यांनीं आपली आई गमावली होती. माधवरावांना त्यांनीं पाळण्यापासून वाढविलें होतें. पुण्यास आलेल्या जेम्स वेल्स या चित्रकारानें दोघांचीं चित्रें काढलीं आहेत. त्यांत तरुण पेशव्यांच्या समोर किंवा शेजारीं नाना बसलेले दिसतात. असा मुलगा गेल्यावर, आपल्या शब्दानें तो गेला काय, हा प्रश्न रात्रीं त्यांना पडला नसेल असें कोण म्हणेल? नानांनीं थोडें आत्मचरित्र लिहिलें आहे, पण तें तारुण्यांतच थांबतें. या मृत्यूविषयीं त्यांत कांहीं सांपडत नाहीं. त्यांनीं शोक केला असेल तो मनांतल्या मनांत. जगाला दिसली ती त्यांची खटपट. ज्याच्यावर दोष येण्याचा संभव असतो त्याला उघडपणें रडतांही येत नाहीं. १७९७ च्या अखेरीस शिंद्यांनीं नानांना कैद केलें आणि नगरच्या किल्ल्यांत ठेवलें. पुढल्या वर्षीं सुटका झाली. १३ मार्च १८०० रोजीं ते वारले.

यशोदाबाईंना अखेरीस रायगडावर ठेवण्यांत आलें. बाजीरावाला त्यांची भीति वाटे. कारण त्या जिवंत असेपर्यंत कोणी तरी पुन्हां दत्तकाचा डाव मांडील, हा धोका होताच. तो खराही ठरला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं, म्हणजे माधवराव पडले त्याच तारखेस, सात वर्षांनीं, यशवंतराव होळकरानें पुण्याजवळ हडपसरच्या लढाईंत शिंदे व पेशवे यांच्या फौजा मोडल्या. बाजीराव कोंकणांत पळाला. तेव्हां अमृतरावाचा मुलगा विनायकराव यशोदाबाईंना दत्तक देऊन त्याला पेशवा करावें, असा बेत निघाला. हा विनायकराव म्हणजेही पुन्हां रघुनाथरावांचाच नातू. बेत सिद्धीस गेला नाहीं. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं बाजीरावानें वसईचा तह करून इंग्रजांचा आश्रय घेतला, आणि मराठी राज्य उतरणीला लागलें. यशोदाबाईंनीं गडावरच दिवस काढले. १८११ सालीं त्या निवर्तल्या. पतीच्या मृत्यूनंतर त्या सोळा वर्षें जगल्या.

या सोळा वर्षांत त्यांचें नांव जेव्हां जेव्हां राजकारणांत येतें, तेव्हां तेव्हां तें बहुधा दत्तकाच्या संबंधांत येतें. त्यांना पतीची आठवण कशी येई, त्या दिवशींची बातमी त्यांना कोणीं दिली, शेवटच्या दोन दिवसांत त्यांना पतीजवळ बसूं दिलें काय, हे प्रश्न कोणाला महत्त्वाचे वाटले नाहींत. पेशवे कां गेले यावर ग्रंथ झाले. ती कशी राहिली यावर चार ओळीही मिळणें कठीण.

हें सारें जुन्या काळचें म्हणून सोडून देतां आलें असतें तर बरें झालें असतें. हिंदुस्थानांत १८६० च्या दंडसंहितेनें आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरविला. वांचलेल्याला कैदेची भीति, आणि त्यामुळें घरच्यांना लपवाछपवी, अशी स्थिति दीर्घ काळ राहिली. २०१७ च्या मानसिक आरोग्याविषयींच्या कायद्यानें, असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें गृहीत धरण्यास सांगितलें, आणि त्याची काळजी घेण्याचें कर्तव्य सरकारावर टाकलें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या न्यायसंहितेंत तें जुनें कलम ठेवलेलें नाहीं. मिताक्षरेनें आणि लंडनच्या पंचांनीं जी सवलत वळसा घालून दिली, ती कायद्याला सरळपणें देण्यास इतका अवधि लागला.

महाराष्ट्रांतील विदर्भ व मराठवाडा या भागांत ज्या शेतकऱ्यांनीं आपला शेवट करून घेतला, त्यांच्या कुटुंबांस १ लाख रुपयांची मदत देण्याचें सरकारानें २००६ च्या सुमारास ठरविलें. हेतु चांगला होता. परंतु मदत मिळण्यापूर्वीं प्रकरण पात्र कीं अपात्र हें ठरावयाचें होतें. जमीन कोणाच्या नांवावर होती, कर्ज कोणाचें होतें, मृत्यूचें कारण शेतीच होतें काय, हें सारें तपासावयाचें होतें. ज्या घरांत नुकतेंच प्रेत उचललें गेलें, तेथील स्त्रीला पहिला प्रश्न विचारला गेला तो पुन्हां तोच: तो कां गेला? आणि तिच्या उत्तरावर तिचें पुढील पोषण अवलंबून राहिलें. शनिवारवाड्यांतील मुलीला मांडी होती म्हणून तिची चौकशी झाली. या स्त्रीची सातबाराच्या उताऱ्यावरून झाली. दोघींच्याही दुःखाची चौकशी मागाहूनच.

आज या विषयाचा अभ्यास करणारे वैद्य सांगतात कीं, अशा मृत्यूला एकच एक कारण बहुधा नसतें. आजार, ताण, निराशा, एकटेपणा अशीं अनेक कारणें एकत्र येतात, आणि शेवटच्या भांडणाला किंवा शेवटच्या शब्दाला जो दोष चिकटतो तो बहुधा अन्यायाचा असतो. मागें राहिलेलीं माणसें मात्र त्या शेवटच्या शब्दाभोंवतींच फिरत राहतात. आपण त्या दिवशीं घरीं असतों तर, आपण तें बोललों नसतों तर, असे विचार त्यांना वर्षानुवर्षें सोडीत नाहींत. शेजारीपाजारी येतात ते कारण विचारावयास येतात, किंवा काय बोलावें हें न कळून येतच नाहींत. दोन्ही प्रकारांनीं तें घर एकटें पडतें. त्यांतल्याच एखाद्याचें मन खचूं लागलें तर त्याला वेळीच वैद्याकडे नेणें हेंही आप्तांचेंच काम आहे, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

अशा घरीं जाणाऱ्यानें काय करावें, हें सांगण्यास मोठें शास्त्र लागत नाहीं. तेथें जावें. बसावें. गेलेल्या माणसाचें नांव घ्यावें, कारण त्याचें नांव टाळलें गेलें कीं तो दुसऱ्यांदा जातो. तो कसा गेला हें विचारूं नये. तो कसा होता हें विचारावें. वारसा, कर्ज, जमीन यांचीं बोलणीं कोणाला तरी करावींच लागतात. पण तीं पहिल्या दिवशीं करूं नयेत, आणि जिचें सर्वस्व गेलें तिला न विचारतां तर कधींच करूं नयेत.

शनिवारवाड्यांत माधवराव कोठून पडले तें दाखविणारे पुष्कळ भेटतात. पुढल्या खेपेस तेथें उभें राहिल्यावर एखाद्यानें यशोदाबाईंचेंही नांव घ्यावें. रायगडावर जाणाऱ्यांनीं शिवछत्रपतींच्या समाधीपुढें नमस्कार केल्यावर क्षणभर तिचीही आठवण करावी. सव्वादोनशें वर्षांपूर्वीं तिला जी विचारपूस मिळाली नाहीं ती आतां पोंचविण्याचा उपाय नाहीं. आपल्या गांवांत, आपल्या आळींत अशा एखाद्या घराचें दार बंद असेल, तर तेथें मात्र ती अजून पोंचवितां येईल.